चक्क कंधारचा?

पुण्यात शिकायला गेलो तेव्हा पहिल्या आठवड्यातच एक संवाद पाठ झाला. “कुठला तू?” “कंधारचा.” समोरच्याच्या भुवया वर. “कंधार? म्हणजे ते विमान नेलं होतं ते?”

डिसेंबर १९९९मध्ये आयसी ८१४ या विमानाचं अपहरण झालं आणि ते अफगाणिस्तानातल्या कंदहारला नेलं गेलं. आपल्याकडे त्या गावाचं नाव कितीतरी वेळा ‘कंधार’ असंच बोललं गेलं, छापलं गेलं. तेव्हापासून आमच्या गावाला एक जुळा भाऊ चिकटला. मी समजावून सांगायचो : अहो, नांदेड जिल्ह्यातलं कंधार. तालुक्याचं गाव आहे. किल्ला आहे, मन्याड नदी आहे, एस्टी येते. मग समोरचा सैलावायचा आणि म्हणायचा, “अच्छा, मराठवाड्यातला! पण तू चक्क नीट बोलतोस की!”

विमानाच्या प्रश्नावर मी हसायचो. या दुसऱ्या वाक्यावरही हसायचो, पण ते हसू घशात अडकायचं. का, ते कळायला बरीच वर्षं लागली. पहिल्या आश्चर्यात भूगोलाची चूक होती, ती नकाशा दाखवून दुरुस्त होत होती. दुसऱ्यात कुठलीच चूक नव्हती. बोलणाऱ्यानं माझं कौतुकच केलं होतं. फक्त त्या ‘चक्क’मध्ये त्याची माझ्याबद्दलची आधीची अपेक्षा किती होती, ते त्याच्याही नकळत सांगून टाकलं होतं.

हा लेख अशा शब्दांबद्दल आहे. चक्क, अचानक, अकस्मात, एकदम, आश्चर्य म्हणजे, आणि इंग्रजीतले त्यांचे भाऊबंद. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना क्रियाविशेषण नाहीतर क्रियाविशेषणासारखं काम करणारा शब्दप्रयोग म्हणतात आणि अर्ध्या पानात आटोपतात. मला वाटतं, एखादा लेखक कुठे उभा राहून लिहितोय हे पाहायचं असेल, तर त्याची विशेषणं सोडा, त्यानं नवल कुठे कुठे केलंय तेवढं बघा.

*

आता मी कंधारलाच असतो. इंग्रजी बोलायला शिकवण्याचे छोटे क्लास घेतो. दोन वर्षांपूर्वी मी मुलांसाठी एक तक्ता केला होता. वर शीर्षक, ‘आश्चर्य दाखवणारे शब्द’. खाली एकामागून एक : सरप्रायजिंगली, अमेझिंगली, अस्टॉनिशिंगली, अनएक्स्पेक्टेडली, रिमार्केबली, सडनली. प्रत्येकापुढे मराठी अर्थ आणि एक उदाहरण. पाठ करा, परीक्षेत निबंधात एखादा टाका, गुण वाढतील. आपल्याकडे समानार्थी शब्द असेच शिकवतात, गोळ्यांच्या पाकिटासारखे. कुठलीही घ्या, ताप उतरेल.

‘सरप्रायजिंगली’पुढचं माझं उदाहरण असं होतं : ‘सरप्रायजिंगली, द गर्ल फ्रॉम द तांडा स्पोक फ्लुएंट इंग्लिश.’ आश्चर्य म्हणजे, तांड्यावरची मुलगी अस्खलित इंग्रजी बोलली.

मला हे उदाहरण चांगलं वाटलं होतं. स्थानिक होतं, प्रेरणा देणारं होतं. क्लासमध्ये दुसऱ्या बाकावर बसणारी एक मुलगी आमच्याच तालुक्यातल्या तांड्यावरची. घरी गोरमाटी बोलते, शाळेत मराठी, बाजारात हिंदी-दखनी, आणि माझ्याकडे इंग्रजी. तिनं हात वर केला.

“सर, हे सरप्राइज कोणाला झालं?”

मी म्हणालो, “म्हणजे, ऐकणाऱ्याला.”

“मग तसं लिवा ना. तिला कुठं झालं?”

वर्ग हसला. मीही हसलो. पुण्यातलं तेच हसू, घशात अडकणारं. या वेळी भुवया माझ्या वर गेल्या होत्या.

*

तिच्या प्रश्नात इंग्रजी व्याकरणाचं एक मर्म होतं. इंग्रजीत ही भावना सांगण्याचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक, ‘टू माय सरप्राइज’. यात आश्चर्याचा मालक कोण ते स्पष्ट आहे : माझं आश्चर्य, त्याचं आश्चर्य, तिच्या आईचं आश्चर्य. दुसरा, ‘सरप्रायजिंगली’. हा शब्द वाक्याच्या तोंडाशी येऊन बसतो, पुढे स्वल्पविराम घेतो आणि सगळ्या वाक्यावर शेरा मारतो. त्यात मालक नाही. जणू आश्चर्य हा त्या घटनेचाच गुण आहे, तिचा रंग किंवा वजन असावं तसा. एका व्यक्तीची अपेक्षा चुकली होती, ही गोष्ट वाक्यातून पुसली जाते.

गंमत अशी, की शब्दाच्या पोटात मात्र माणूस आहे. ‘सरप्राइज’ हा शब्द फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ ‘वरून झडप घालून धरणं’. इंग्रजीत तो सुरुवातीला लढाईचा शब्द होता : शत्रूवर अवचित घातलेला छापा. म्हणजे छापा घालणारा कोणीतरी आहे आणि बेसावध सापडलेला कोणीतरी आहे. ‘अस्टॉनिश’च्या मुळाशी मेघगर्जना आहे, वीज कडाडल्यावर माणूस सुन्न होतो तसं. ‘अमेझ’चं नातं ‘मेझ’शी, भूलभुलैयाशी आहे, त्यात सापडलेल्याला वाट सुचत नाही. म्हणजे माझ्या तक्त्यातले शब्द एका पाकिटातल्या गोळ्या नव्हतेच. एकात तुम्हाला कोणी धरलंय, एकात तुम्ही बधिर झालात, एकात तुम्ही हरवलात. प्रत्येक ठिकाणी एक माणूस आहे, ज्याच्यावर हे गुदरलंय. शेपटीला ‘ली’ लागलं, की तो माणूस गायब.

हे शब्द जपून वापरा, असं इंग्रजीतले लेखकही सांगत आले आहेत. अमेरिकन कादंबरीकार एल्मोर लिओनार्ड यांनी २००१मध्ये लेखनाचे दहा नियम लिहिले, त्यात ‘सडनली’ कधीही वापरू नये असा एक नियम होता. त्यांचा मुद्दा कारागिरीचा होता. गोष्ट जर खरोखर अचानक घडली असेल, तर तसं सांगावं लागत नाही. आणि सांगावं लागत असेल, तर लिहिण्यात काहीतरी कमी आहे. उलट दस्तयेव्हस्कीचं रशियन ‘व्द्रुग’, म्हणजे ‘अचानक’, त्याच्या कादंबऱ्यांत पानोपानी येतं. तिथे ते चालतं, कारण त्याच्या माणसांच्या डोक्यात खरंच दर क्षणाला काहीतरी कोसळत असतं. ते अचानक त्या पात्रांचं असतं, लेखकाचं नव्हे. म्हणजे तांड्यावरच्या मुलीचा प्रश्न इथेही लागू पडतो : कोणाला?

*

मराठीत हा प्रश्न मुळात विचारावा लागत नसे. आपलं साधं वाक्य बघा : ‘मला नवल वाटलं.’ ‘त्याला आश्चर्य वाटलं.’ सुरुवातीलाच ‘मला’, ‘त्याला’. माणूस टाकून हे वाक्य पुरं वाटत नाही. नुसतं ‘नवल वाटलं’ म्हटलं तरी ऐकणारा मनात ‘मला’ भरून घेतो. ‘नवल’ शब्दातच ‘नव’ आहे. ज्याला जे नवं, त्याला त्याचं नवल. गावात पहिल्यांदा आलेल्याला किल्ल्याचं नवल, किल्ल्याशेजारी जन्मलेल्याला त्यात काय!

दुसरी सोय म्हणजे ‘निघणं’. आंबा आंबट निघाला. जावई बरा निघाला. पोरगं हुशार निघालं. या एका क्रियापदात अपेक्षा, तिचा भंग आणि नवी जाणीव असं सगळं आहे, आणि क्रियाविशेषणाचा पत्ता नाही. भाषाशास्त्रज्ञ स्कॉट डीलान्सी यांनी १९९७मध्ये एक शोधनिबंध लिहिला. काही भाषांत अनपेक्षित माहितीसाठी व्याकरणातच वेगळी खूण असते, हे त्यांनी त्यात मांडलं. तुर्की भाषेत क्रियापदाला ‘मिश’ हा प्रत्यय लावला, की ‘मी पाहिलं नव्हतं, आता कळतंय’ किंवा ‘अरेच्चा, असं आहे होय!’ अशा छटा येतात. मराठीत असा ठरलेला प्रत्यय नाही. पण ‘निघाला’ आहे, वाक्याच्या शेवटचा ‘की’ आहे : “हा तर गोड आहे की!” त्या ‘की’तही बोलणारा हजर आहे. त्यानं नुकताच आंबा चाखलाय.

आणि सगळ्यात भारी, ‘तर काय’. माझी आजी दुष्काळातली गोष्ट सांगायची : “म्या पान्याला गेले, हिरीत वाकून बगते तर काय, तळ दिसूलालं!” या वाक्याची चाल बघा. आजी घरातून निघते, आपण तिच्यामागून निघतो. ती विहिरीपर्यंत जाते, आपणही जातो. ती वाकते, आपण वाकतो. ‘तर काय’ इथे वाक्याचा पाय थबकतो, आणि मग तळ दिसतो. तिला दिसला त्याच क्षणी आपल्याला. आता हेच आजच्या लेखी मराठीत : ‘आश्चर्यकारकरीत्या विहीर कोरडी पडली होती.’ विहीर आहे, कोरडेपणा आहे. वाकून बघणारी बाई मात्र कुठे गेली?

‘आश्चर्यकारकरीत्या’, ‘आश्चर्यकारकपणे’, ‘अनपेक्षितपणे’ हे शब्द हल्ली फार दिसतात. उपशीर्षकांत, मोबाइलवरच्या यांत्रिक भाषांतरांत, तिथून शिकून लिहिणाऱ्यांच्या लेखांत. ते ‘सरप्रायजिंगली’चे मराठी कपडे घातलेले अवतार आहेत. इंग्रजीतून शब्द घेण्यावर माझा राग नाही; ‘एकदम’ फारसीतून आला, मूळ अर्थ ‘एका श्वासात’, आज तो आपला आहे. ‘खुशाल’ही तिकडचाच, ‘आनंदी हालतीत’. आपण त्याला असं वळवलं की ‘तो खुशाल निघून गेला’ म्हटलं की जाणाऱ्याचा बेफिकीरपणा आणि बघणाऱ्याचा संताप दोन्ही एका शब्दात येतात. ही घेतलेल्या शब्दाला आपलं करण्याची रीत. ‘आश्चर्यकारकपणे’ अजून कोणाचंच झालेलं नाही. ते वाक्यात पाहुण्यासारखं अवघडून बसतं, आणि ‘मला’ला उठवून त्याची जागा घेतं.

*

भावनेचं नाव घेतलं की भावना मरते, ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या समीक्षेला पक्की ठाऊक होती. अकराव्या शतकात काश्मिरात मम्मटानं ‘काव्यप्रकाश’ लिहिला. त्यात रसाच्या दोषांची यादी आहे, आणि त्यातला एक दोष ‘स्वशब्दवाच्यता’. रस किंवा भाव त्याच्याच नावानं सांगून टाकणं. अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय. पण ‘विस्मय झाला, विस्मय झाला’ म्हणून वाचकाला विस्मय होत नाही. तो होण्यासाठी ते दृश्य उभं करावं लागतं. आजीनं मम्मट वाचला नव्हता, पण ती विहीर उभी करायची.

परदेशातलं प्रसिद्ध उदाहरण काफ्काचं. १९१५च्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये पहिल्याच वाक्यात एक माणूस झोपेतून उठतो आणि अवाढव्य किडा झालेला असतो. वाक्यात आश्चर्याचा एकही शब्द नाही. पुढची चिंता अशी, की आता कामावर जायची गाडी चुकणार. वाचक हादरतो तो याच्यामुळेच. नवल करायचं काम लेखकानं आपल्यावर सोडलंय.

पण मला जास्त जवळचं उदाहरण आमच्याच भागातलं आहे. प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’, १९७९. लहानपणीच आईवडिलांचं छत्र हरवलेला एक दलित मुलगा, बहिणीच्या आश्रयानं वाढतो, शिकतो. भूक, शिळंपाकं, शाळेतला स्पर्श-अस्पर्श, सगळं त्यात आहे. त्यातल्या भाषेला आमच्याच बाजूचा वास आहे. हे पुस्तक मी कंधारच्या घरात वाचलं आणि पुण्याच्या खोलीतही वाचलं. पुण्यात वाचताना मी माझ्या नकळत प्रत्येक प्रसंगाला एक ‘बापरे’ जोडत होतो. ते ‘बापरे’ पुस्तकात नव्हतं. लिहिणारा आवाज चढवत नाही. रोजच्या गोष्टी सांगाव्यात तसा सांगतो. कारण त्या त्याच्या रोजच्याच होत्या.

इथे मला माझा मुद्दा सापडला, आणि तो एका शब्दात लपलेला निघाला. शब्द ‘सहसा’.

संस्कृतात ‘सहसा’ म्हणजे जोरानं, झटकन, अचानक. ‘साहस’ त्याच मुळातून आलं. आजच्या मराठीत ‘सहसा’ म्हणजे नेहमी, बहुधा, शक्यतो. “मी सहसा उशिरा येत नाही.” अचानकपणाचा शब्द फिरत फिरत नेहमीपणाचा झाला. असा उलटा प्रवास शब्दाला कसा घडला, ते कोशकारांवर सोडतो. मला त्यात माणसांची गोष्ट दिसते. एकाचं ‘अचानक’ ते दुसऱ्याचं ‘सहसा’ असतं. सोनकांबळ्यांच्या पुस्तकातली भूक पुण्यातल्या वाचकाला अकस्मात भेटते. पुस्तकातल्या मुलाला ती सहसा भेटते. समीक्षक जेव्हा अशा पुस्तकाला ‘धक्कादायक’, ‘हादरवून टाकणारं’ म्हणतो, तेव्हा तो पुस्तकाबद्दल थोडं आणि स्वतःच्या पत्त्याबद्दल जास्त सांगत असतो. त्यात गैर काही नाही, पण मग ‘मला’ लिहावं. ‘मी हादरलो, कारण मला हे माहीत नव्हतं.’ हे वाक्य प्रामाणिक आहे. ‘हे पुस्तक हादरवतं’ या वाक्यात माहीत नसण्याची जबाबदारी पुस्तकावर ढकलली जाते.

*

आता थोडं पुस्तकाबाहेर येऊ, कारण या शब्दांचं खरं काम तिथे चालतं.

१२ एप्रिल २०१६. मिरजेहून पाणी भरून निघालेली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. नंतर या गाड्यांचं नाव ‘जलदूत’ पडलं. त्या दिवशी माझ्या मोबाइलवर तोच फोटो वीस जणांनी पाठवला आणि मीही पुढे ढकलला, वर लिहून : ‘चक्क रेल्वेनं पाणी!’ लातूरमधल्या एका मित्रानं उत्तर दिलं, “तुला आज कळलं होय?”

त्याच्या घरी नळाला पाणी येणं कधीचं थांबलं होतं. मांजरा धरण आटत होतं, टँकरच्या रांगा होत्या, घरातली माणसं रात्री घागरी घेऊन जागत होती. हे सगळं महिनोन्‌महिने, सहसा चाललं होतं. रेल्वे आली आणि देशाला ते अचानक दिसलं. ‘चक्क’ माझं होतं. त्याच्यासाठी ती रेल्वे म्हणजे फार उशिरा आलेली, अगदी अपेक्षित गोष्ट होती. दुष्काळाबद्दल लिहिताना ‘अचानक’ शब्द आला, की मी आता थांबून बघतो. दुष्काळ अचानक येत नाही. तो चालत येतो, सगळ्यांना दिसत दिसत येतो.

‘अचानक’पेक्षा जड शब्द ‘अकस्मात’. त्याची फोड सोपी आहे : ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे; ‘अ-कस्मात्’ म्हणजे कशामुळेही नाही. कारणाशिवाय. हा शब्द मराठी वर्तमानपत्राच्या जिल्ह्याच्या पानावर जवळपास रोज असतो, एका ठरलेल्या वाक्यात : ‘पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली.’ विहिरीत पडून, वीज पडून, सर्पदंशानं झालेला मृत्यू असो की शेतकऱ्यानं गळफास घेतलेला असो, शेवटचं वाक्य तेच.

पोलिसांच्या बाजूनं हा पारिभाषिक शब्द आहे, हे मान्य. मृत्यू नैसर्गिक नाही, पण सध्या कोणावर गुन्ह्याचा आरोपही नाही, चौकशी करायची आहे, एवढाच त्याचा कायद्यातला अर्थ. आधी ती नोंद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायची, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. ठाण्यातल्या नोंदवहीला एक शब्द लागतो, तो हा आहे.

पण बातमी म्हणजे नोंदवही नाही. त्याच बातमीत चार ओळी आधी लिहिलेलं असतं : सलग नापिकी, बँकेचं कर्ज, खासगी सावकार, मुलीचं लग्न तोंडावर. म्हणजे ‘कस्मात्’चं उत्तर पूर्ण दिलेलं असतं आणि शेवटी शिक्का पडतो ‘अ-कस्मात्’. कारणं सांगून झाल्यावर ‘कारण नाही’ असं सांगणारी ही बातमी आपण चहा पिता पिता वाचतो आणि आपल्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. मला नाही वाटली, कित्येक वर्षं. त्या शब्दाचा अर्थ माहीत असूनही नाही वाटली. शब्द इतका रुळला, की त्यातलं नवलही गेलं आणि नकारही दिसेनासा झाला. ‘सहसा’चं झालं तेच ‘अकस्मात’चंही होत आलंय.

याचा अर्थ आश्चर्याचे शब्द टाकून द्यावेत, असा नाही. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चारच्या आसपास किल्लारी परिसरात जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. हजारो माणसं झोपेतच गेली. आमच्याकडची मोठी माणसं त्या पहाटेबद्दल ‘अचानक’ म्हणतात, तेव्हा तो शब्द शंभर टक्के खरा असतो. ते सगळे एकाच क्षणी बेसावध सापडले होते, तिथे ‘कोणाला?’ असं विचारावं लागत नाही. पण त्यातही दुसरा अर्धा भाग आहे. जमीन हलली ती अचानक. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरची जड माळवदं मात्र पिढ्यान्‌पिढ्या तशीच उभी होती. चांगला लेखक एकाच परिच्छेदात हे दोन्ही सांगेल आणि ‘अचानक’ला त्याच्या हद्दीबाहेर जाऊ देणार नाही.

*

तुम्ही रोज जे बघता, त्यात हे शोधणं सोपं आहे. ‘जाणून थक्क व्हाल’, ‘आणि मग अचानक’, ‘चक्क रिक्षावाल्याची मुलगी अधिकारी’, ‘चक्क गावातल्या आजी फाडफाड इंग्रजी’. शेवटची दोन वाक्यं परत वाचा. कौतुकच आहे. पण ‘चक्क’ काढून बघा. ‘रिक्षावाल्याची मुलगी अधिकारी झाली.’ बातमी तीच आहे, फक्त तिला खाली धरून ठेवणारा हात निघून गेला. अशा बातम्यांत ‘चक्क’ तिच्या वाट्याला येतो. मंत्र्याचा मुलगा आमदार झाला, तर कोणी ‘चक्क’ म्हणत नाही.

आमचा किल्ला बघायला मोबाइल घेऊन येणारी पोरंही हेच करतात. खंदकाजवळ उभं राहून, “मित्रांनो, मराठवाड्यातल्या या आडगावात चक्क एवढा मोठा किल्ला!” प्रेमानं बोलतात, मला आवडतं. पण दहाव्या शतकात, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात, हे नावाजलेलं नगर होतं. जगत्तुंग सागर हा तलाव त्याच राजवटीची आठवण सांगतो. गावात एका अवाढव्य मूर्तीचे तुकडे सापडलेत; तुकड्यांवरून पूर्ण मूर्तीचा अंदाज करताना मान वर जाते. त्या काळातला माणूस आज इथे आला, तर त्याला किल्ल्याचं नवल वाटणार नाही. त्याला नवल वाटेल ते ‘आडगाव’ या शब्दाचं. तो विचारेल, हे कधी झालं? कशामुळे? ‘कस्मात्?’

या विषयावर लिहिताना मला सगळ्यात अवघड गेलं ते माझं जुनं लिखाण उघडणं. गावाबद्दल, क्लासबद्दल मी आधी लिहिलेले तीन-चार लेख परत वाचले. त्यात ‘आश्चर्य म्हणजे’ सात वेळा सापडलं. एकदा पावसाबद्दल होतं. उरलेल्या सहा वेळा माझ्यापेक्षा गरीब माणसाबद्दल होतं, त्यानं काहीतरी नीट केलं म्हणून. पुण्यातल्या मुलांकडून मी शुद्ध भाषा उचलली असेल-नसेल, त्यांचा ‘चक्क’ मात्र सोबत घेऊन गावी आलो होतो.

*

तक्ता मी बदलला. आता त्यात शब्द, अर्थ आणि उदाहरण यांच्या जोडीला चौथा रकाना आहे : ‘कोणाला?’ मुलांनी वाक्य केलं की तो भरायचा. भरता आला नाही, तर वाक्य परत लिहायचं. पहिल्या दिवशी गोंधळ झाला, मग मजा यायला लागली. एकानं लिहिलं, की अचानक लाइट गेली. ‘कोणाला?’च्या रकान्यात आधी ‘सगळ्यांना’ लिहिलं, मग खोडून ‘पाहुण्यांना’ लिहिलं. आम्हाला तर वेळ माहीत असते, म्हणाला.

तांड्यावरच्या त्या मुलीचं माझं जुनं उदाहरण मी काढून टाकलं होतं. तिच्या ते लक्षात आलं. ‘टू माय सरप्राइज’ वापरून वाक्य करायचं होतं, तर तिनं वहीत लिहिलं :

‘टू माय सरप्राइज, सर चेंज्ड द सेंटेन्स.’

चौथ्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, ‘मला’. मी त्यावर बरोबरची खूण केली.